डाउनलोड २ जीबी किंवा ४ जीबीला तुटतंय? आधी आकडा बघा, मग कॉन्फिगला हात लावा

सर्व्हरवर ५ जीबीची फाइल ठेवली, लिंक पाठवली, आणि समोरचा म्हणतोय की ब्राउझर फक्त १ जीबी दाखवतोय, तेवढंच उतरवतोय आणि वर 'पूर्ण झालं' म्हणतोय. असं झालं की बहुतेक जण आधी नेटवर्कला दोष देतात, मग टाइमआउट वाढवतात, मग सर्व्हर रीस्टार्ट करून बघतात आणि काहीच फरक पडत नाही, कारण लाइन तुटलेलीच नसते, फाइलचा साइझ ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय त्यात तो मावलेला नसतो. ५ जीबी म्हणजे ५३६८७०९१२० बाइट, त्यातून ४२९४९६७२९६ वजा करा, उरतात १०७३७४१८२४, बरोब्बर १ जीबी. साइझ कुठेतरी ३२ बिटच्या इंटिजरमधून (पूर्णांक ठेवायच्या ठराविक मापाच्या जागेतून) गेला आणि वरचे बिट गळाले, बस, एवढीच गोष्ट आहे. (या लेखात जीबी म्हणजे सगळीकडे १०२४ च्या पटीतला धरलाय, १००० च्या नाही, नाहीतर हे हिशोब जुळणार नाहीत.)

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: काहीही बदलायच्या आधी फाइल नेमकी किती बाइटवर तुटतेय ते मोजा. 'साधारण २ जीबीच्या आसपास' हे उत्तर चालत नाही, शेवटच्या बाइटपर्यंतचा आकडा पाहिजे, कारण गुन्हेगार कोण ते बहुतेक वेळा त्या आकड्यातच लिहिलेलं असतं.

कुठला आकडा काय सांगतो

२१४७४८३६४७ दिसला तर साइन्ड ३२ बिट इंटिजर. त्यात एक बिट चिन्हाला जातो त्यामुळे उरलेल्या ३१ बिटांत एवढंच मावतं, म्हणजे २ जीबीला एक बाइट कमी. याच्या पुढे गेलं की आकडा ऋण होतो, ३ जीबीची फाइल असेल तर लॉगमध्ये किंवा कंटेंट-लेंग्थमध्ये (फाइल किती बाइटची ते ब्राउझरला आधी सांगणारा हेडर) चक्क -१०७३७४१८२४ येतं. ऋण साइझ दिसला की बाकी काही शोधायची गरज नाही, साइन्ड ३२ बिटच आहे.

४२९४९६७२९५ म्हणजे अनसाइन्ड ३२ बिट. हा जास्त धोकादायक, कारण यात ऋण काही येत नाही, आकडा गुपचूप शून्यापासून परत सुरू होतो. बरोबर ४ जीबीची फाइल शून्य बाइटची दिसते, ४ जीबी आणि वर १०० बाइट असतील तर १०० बाइटची दिसते, आणि ब्राउझर बिचारा हेडरवर विश्वास ठेवून तेवढेच बाइट घेतो आणि काम झालं म्हणतो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, फाइल मात्र अर्धवट.

२१४७४७९५५२ हा आकडा फार कमी लोकांना माहीत असतो. २ जीबीला ४०९६ बाइट कमी. लिनक्समध्ये रीड, राइट आणि सेंडफाइल हे कॉल एका वेळेला जास्तीत जास्त एवढेच बाइट हलवतात, आणि हे ६४ बिट मशीनवरसुद्धा तसंच आहे. तुम्ही ५ जीबी मागितले तरी कॉल एवढे देऊन परत येतो आणि किती दिले ते सांगतो. ज्याने कोड लिहिलाय त्याने परत आलेला आकडा बघून लूप फिरवला नसेल तर डाउनलोड इथेच संपतं. हा काही कर्नलचा बग नाही, कॉल मागितल्यापेक्षा कमी देऊ शकतो हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि १०७३७४१८२४, म्हणजे सरळ १ जीबी. फाइल ५ जीबीची असेल तर वर सांगितला तो वजाबाकीचा प्रकार असू शकतो, पण वेगवेगळ्या साइझच्या फाइली सगळ्याच १ जीबीच्या आसपास तुटत असतील तर इंटिजरचा काही संबंध नाही, कुठलंतरी डिफॉल्ट सेटिंग आहे. त्याबद्दल खाली.

टेस्ट फाइल बनवा, डिस्क न भरता

यासाठी खरी ५ जीबीची फाइल लागत नाही. लिनक्सवर ट्रंकेट कमांडला मायनस एस देऊन साइझ सांगितला की स्पार्स फाइल बनते, म्हणजे साइझ ५ जीबी दिसतो पण डिस्कवर जागा जवळजवळ शून्य लागते. सहा फाइली करा: २१४७४८३६४७, २१४७४८३६४८, ४२९४९६७२९५, ४२९४९६७२९६, ४२९४९६७३९६ आणि ५३६८७०९१२० बाइटच्या. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची अशी जोडी असली की नेमकं कुठे मोडतंय ते लगेच कळतं. विंडोजवर एफएसयूटिलच्या फाइल क्रिएटन्यू कमांडने बनवा, तिथे साइझ बाइटमध्येच द्यावा लागतो, पण ती फाइल स्पार्स नसते, जागा खरोखर अडवते.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. स्पार्स फाइलमध्ये सगळे शून्यच असतात, त्यामुळे सर्व्हरने चुकीच्या जागेवरचा डेटा दिला तरी तुम्हाला कळणार नाही, शून्याच्या जागी शून्यच येणार. ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर ते सांगणारा आकडा) ३२ बिटमध्ये गुंडाळला गेला तर सर्व्हर ४ जीबीच्या पुढच्या डेटाऐवजी फाइलच्या सुरुवातीचा डेटा पाठवतो, साइझ बरोबर, हेडर बरोबर, आत कचरा. म्हणून ५ जीबीच्या फाइलमध्ये दोन खुणा करा, अगदी पहिल्या १६ बाइटमध्ये एक शब्द आणि ४२९४९६७२९६ या ऑफसेटपासून पुढच्या १६ बाइटमध्ये वेगळा शब्द. डीडी कमांडने होतं, फक्त कन्व्ह इज इक्वल टू नोट्रंक द्यायला विसरू नका, नाहीतर डीडी फाइल तिथेच कापून टाकेल.

मग कर्ल घ्या, म्हणजे कमांड लाइनवरून सर्व्हरला विनंती पाठवायचं टूल. आधी मायनस कॅपिटल आय देऊन नुसते हेडर मागवा आणि कंटेंट-लेंग्थ डिस्कवरच्या साइझशी अंकन् अंक ताडून बघा. ते जुळलं की मायनस आर देऊन ४२९४९६७२९६ ते ४२९४९६७३११ ही रेंज मागवा. उत्तर २०६ (म्हणजे 'फाइलचा फक्त मागितलेला भाग') यायला पाहिजे, १६ बाइट यायला पाहिजेत, कंटेंट-रेंजमध्ये स्लॅशच्या पुढे ५३६८७०९१२० दिसायला पाहिजे आणि आत दुसरी खूण पाहिजे. पहिली खूण आली तर ऑफसेट गुंडाळला जातोय. ४१६ आलं तर सर्व्हरला फाइल लहान वाटतेय. ५०० आलं तर बहुतेक अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये रेंजचा आकडा इंटमध्ये (३२ बिट पूर्णांकात) पार्स करताना एक्सेप्शन फुटलंय, जावात इंटिजर डॉट पार्सइंटला ४२९४९६७२९६ दिलं की तो नंबर फॉरमॅट एक्सेप्शनच फेकतो. आणि २०० आलं तर सर्व्हर रेंजकडे बघतच नाहीये आणि आता अख्खी ५ जीबी फाइल पाठवायला लागेल, म्हणून आउटपुट हेड कमांडला मायनस सी देऊन पाइप करा म्हणजे थोडेच बाइट घेऊन थांबेल.

हेच सगळं दोनदा करा, एकदा पुढच्या प्रॉक्सीमधून (विनंत्या घेऊन मागे पोचवणारा सर्व्हर) आणि एकदा मागच्या बॅकएंडच्या (खरं काम करणारा प्रोग्राम) पोर्टवर थेट. बॅकएंडला थेट विचारल्यावर बरोबर आणि प्रॉक्सीतून चूक, की दोन्हीकडे चूक, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

खालून वर तपासत या

फाइलसिस्टम सगळ्यात आधी, कारण दोन मिनिटांचं काम आहे. फॅट३२ वर एक फाइल ४२९४९६७२९५ बाइटपेक्षा मोठी होऊच शकत नाही, तिथे कितीही सेटिंग बदला. सर्व्हरच्या मुख्य डिस्कवर फॅट३२ सहसा नसतं पण बाहेरून जोडलेल्या डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर अजून सापडतं.

नंतर बघायचं की सर्व्हरचा प्रोग्राम ३२ बिटचा आहे का ६४ बिटचा. 'फाइल' कमांडला बायनरीचा पाथ दिला की सांगतो. ३२ बिट असला म्हणून लगेच बाद होत नाही, १९९६ च्या लार्ज फाइल समिटनंतर ३२ बिट युनिक्सवरही मोठ्या फाइली उघडायची सोय झाली, पण ती कंपाइल करताना मागावी लागते, ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये अंडरस्कोर फाइल ऑफसेट बिट्स ६४ असं डिफाइन करून. ते नसेल तर स्टॅट कॉल ई-ओव्हरफ्लो देतो आणि लॉगमध्ये 'व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप' असं काहीतरी दिसतं. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ३२ बिट युनिक्सवर २ जीबीच्या वरच्या फाइलींचा सपोर्ट २.२ पासून आला, ती डिसेंबर २००५ ची व्हर्जन. एवढं जुनं कुणी चालवत नाही असं वाटेल, पण छोट्या डिव्हाइसमधले वेब सर्व्हर, जुने स्टोरेज बॉक्स, स्वतः कंपाइल केलेले मॉड्यूल यांत हा प्रकार अजून निघतो.

आणि '६४ बिट मशीन आहे म्हणजे काळजी नाही' हे मनातून काढून टाका. विंडोजवर ६४ बिट प्रोग्राममध्येसुद्धा सी भाषेतला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार ३२ बिटचाच असतो, त्यामुळे फाइलमधली जागा हलवणारी आणि सांगणारी एफसीक आणि एफटेल ही फंक्शन तिथे २ जीबीला अडकतात आणि त्याऐवजी अंडरस्कोर एफसीकआय६४ वापरावं लागतं. पीएचपीचंही तसंच, विंडोजवर पीएचपी ७ च्या आधी ६४ बिट बिल्डमध्येही इंटिजर ३२ बिटचा होता. पीएचपी_इंट_साइझ प्रिंट करून बघा, ८ यायला पाहिजे, ४ आला तर फाइलसाइझ फंक्शन मोठ्या फाइलला भलताच आकडा देणार.

कॉन्फिगमधल्या मर्यादा, ज्या इंटिजरसारख्या दिसतात पण नसतात

इंजिनएक्स या वेब सर्व्हर आणि प्रॉक्सीचं क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ डिफॉल्ट १ एमबी आहे, अपलोडला ४१३ (विनंती फार मोठी) आलं तर तेच, शून्य केलं की मर्यादा बंद. पण जास्त छळतं ते प्रॉक्सी_मॅक्स_टेम्प_फाइल_साइझ. याचं डिफॉल्ट १०२४ एमबी. बॅकएंड जोरात डेटा देतोय आणि क्लायंट हळू घेतोय अशा वेळी इंजिनएक्स मधला डेटा टेम्पररी फाइलमध्ये साठवत राहतो, ती १ जीबी झाली की बॅकएंडकडून वाचायचं थांबवतो. आता बॅकएंडला लिहायला जागा नाही, त्याचा टाइमआउट छोटा असेल तर तो कनेक्शन बंद करून टाकतो, आणि क्लायंटला १ जीबी आणि वर थोडं असं काहीतरी मिळून डाउनलोड तुटतं. ओळखायची खूण म्हणजे आकडा दर वेळी थोडा वेगळा येतो आणि त्याच नेटवर्कमधल्या फास्ट क्लायंटला पूर्ण फाइल मिळते. इंटिजरचा प्रॉब्लेम असा वागत नाही, तो दर वेळी त्याच बाइटवर तुटतो. ही मर्यादा शून्य करा किंवा प्रॉक्सी बफरिंग बंद करा, पण फाइल डिस्कवरच असेल तर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बॅकएंडने नुसती परवानगी तपासायची आणि एक्स-अॅक्सेल-रीडायरेक्ट हेडर द्यायचा, फाइल इंजिनएक्सच देईल. बॅकएंडच्या भाषेतले इंटिजर वाटेतून बाजूलाच होतात.

अपाचेमध्ये लिमिट-रिक्वेस्ट-बॉडी बघा, २.४.५३ पर्यंत डिफॉल्ट अमर्याद होतं, त्यानंतर १०७३७४१८२४ केलं, त्यामुळे अपग्रेड केल्यावर अचानक १ जीबीच्या वरचे अपलोड बंद झाले तर हेच. पीएचपीत अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ २ एमबी आणि पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबी अशी डिफॉल्ट असतात, दुसरं पहिल्यापेक्षा मोठंच ठेवायचं, आणि ते ओलांडलं तर फॉर्मचा सगळा डेटा रिकामा येतो, त्यामुळे लोक फॉर्मच्या कोडमध्येच चूक शोधत बसतात.

आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये मात्र खरीखुरी इंटिजरची भिंत आहे. मॅक्स-अलाउड-कंटेंट-लेंग्थ हे अनसाइन्ड ३२ बिट आहे, डिफॉल्ट ३००००००० बाइट, आणि वाढवून वाढवून ४२९४९६७२९५ पर्यंतच जातं. ओलांडलं की ४०४.१३. त्याच्या जोडीला एएसपी डॉट नेटचं मॅक्स-रिक्वेस्ट-लेंग्थ असतं ते केबीमध्ये लिहायचं, आणि मॅक्स-अलाउड-कंटेंट-लेंग्थ बाइटमध्ये, इथे घोळ होतोच होतो. ४ जीबीच्या वर अपलोड घ्यायचे असतील तर तिथे तुकडे करून पाठवण्याशिवाय मार्ग नाही.

एचटीटीपी/२ मध्ये फ्लो कंट्रोल विंडोची (समोरच्याने पुढची परवानगी देईपर्यंत किती बाइट पाठवायचे ती मर्यादा) कमाल २१४७४८३६४७ आहे, ते वाचून काही जण म्हणतात की एचटीटीपी/२ वर २ जीबीच्या वर फाइल जात नाही. तसं नाही, विंडो पुन्हा पुन्हा भरली जाते, फाइलच्या साइझशी तिचा संबंध नाही.

आता तुमचा स्वतःचा कोड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सर्व्हर सॉफ्टवेअरमधले हे प्रॉब्लेम बहुतेक सुटलेत, अॅप्लिकेशनमधले नाही.

गुणाकारापासून सुरुवात करा. कॉन्फिगमध्ये लिमिट ४०९६ एमबी लिहिली, कोडमध्ये ती इंटमध्ये घेतली आणि लाँगमध्ये (जावात ६४ बिट) ठेवताना १०२४ ने दोनदा गुणली. डावीकडे लाँग आहे म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, पण गुणाकार इंटमध्येच होतो आणि त्यानंतर लाँगमध्ये जातो. जावात ४०९६ चं उत्तर शून्य येतं, २०४८ चं -२१४७४८३६४८. सीमध्ये तर काय होईल याची कुणीच हमी देत नाही. पहिलाच आकडा लाँग करून घ्यायचा, एवढाच उपाय. प्रोग्रेस बारमध्ये तर हे २ जीबीच्याही खूप आधी येतं: झालेले बाइट गुणिले १०० भागिले एकूण, हे इंटमध्ये केलं तर २१४७४८३६ बाइटच्या पुढे म्हणजे जेमतेम साडेवीस एमबीलाच टक्केवारी ऋण होते.

जावात सर्व्हलेटचं (वेब विनंत्या हाताळणारा जावा कोड) गेट-कंटेंट-लेंग्थ इंट देतं, साइझ मावला नाही तर -१. बरेच कोड -१ म्हणजे 'साइझ माहीत नाही' धरून पुढे जातात आणि लिमिटची तपासणी तिथेच चुकवली जाते, म्हणजे १० एमबीची मर्यादा असलेल्या फॉर्ममध्ये ३ जीबीचा अपलोड आत शिरतो. गेट-कंटेंट-लेंग्थ-लाँग वापरा, सर्व्हलेट ३.१ पासून आहे. बाइट अॅरे इंटने इंडेक्स होतो म्हणून अख्खी फाइल एका अॅरेत घेता येणारच नाही, स्ट्रीमनेच (थोडी थोडी करून) वाचा. नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) एफएस डॉट रीडफाइल २ जीबीच्या वर फाइल नाकारतं, तिथेही स्ट्रीम. जुन्या पायथनमध्ये एचटीटीपीएसवर २ जीबीच्या वरचा बाइट्सचा गठ्ठा एकदम पाठवला की ओव्हरफ्लो एरर येते आणि मेसेजमध्ये २१४७४८३६४७ हाच आकडा असतो, तिथे फाइल उघडून तिचं ऑब्जेक्ट द्यायचं, आतला डेटा वाचून नाही.

जावास्क्रिप्टमध्ये साधे आकडे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत बिनचूक चालतात, म्हणजे फाइलींसाठी हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त, पण बिटवाइज ऑपरेटर आधी सगळं ३२ बिट करतात. पूर्णांक मिळवायला कुणी शेवटी पाइप शून्य लावलं असेल तर ५३६८७०९१२० चे १०७३७४१८२४ होतात आणि ३ जीबीचा साइझ ऋण होतो. मॅथ डॉट ट्रंक वापरा.

आणि डेटाबेस! साइझचा कॉलम इंट असेल तर कोड कितीही नीट असला तरी उपयोग नाही. पोस्टग्रेस सरळ 'इंटिजर आउट ऑफ रेंज' म्हणून नाकारतो, ते बरं. मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तो गुपचूप २१४७४८३६४७ भरून ठेवतो, मग सगळ्या मोठ्या फाइलींचा साइझ एकसारखा दिसतो, आणि अॅप्लिकेशन तोच आकडा कंटेंट-लेंग्थमध्ये टाकत असेल तर फाइल डिस्कवर धडधाकट असूनही प्रत्येकाला २ जीबीच मिळतात. अनसाइन्ड इंट करून वेळ मारून नेऊ नका, भिंत फक्त ४ जीबीला सरकते. थेट बिगइंट (६४ बिट) करा, गर्दी नसलेल्या वेळेला करा कारण मोठ्या टेबलवर ऑल्टरला वेळ लागतो, आणि कॉलम बदलल्यावर जुन्या ओळी आपोआप दुरुस्त होत नाहीत हे लक्षात ठेवा, डिस्कवरून साइझ परत वाचून भराव्या लागतात.

मोठा टाइप लावला तरी तपासणी लागतेच

६४ बिट केलं की अपघाताने ओव्हरफ्लो होत नाही, पण मुद्दाम करणाऱ्याला कोण अडवणार? कंटेंट-लेंग्थ आणि रेंज हे आकडे बाहेरून येतात, त्यात कुणी २० अंकी संख्याही लिहू शकतो. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, म्हणजे एचटीटीपीच्या अधिकृत मानकात, हे बंधनकारकच केलंय की आकडा खूप मोठा येऊ शकतो हे धरून चालायचं आणि रूपांतरात ओव्हरफ्लो होऊ द्यायचा नाही. सीमध्ये अक्षरांचा आकडा करायला एटूआय वापरूच नका, स्ट्रटूएलएल वापरा आणि ई-रेंज ही एरर आली का ते तपासा, आणि त्याच्याही आधी सगळे अक्षर अंकच आहेत ना ते बघा, नाहीतर ऋण चिन्ह आत शिरतं.

इंजिनएक्समध्येच याचं उदाहरण आहे, सीव्हीई-२०१७-७५२९ (सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक), रेंज फिल्टरमधला इंटिजर ओव्हरफ्लो, ०.५.६ पासून १.१३.२ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये होता आणि १.१३.३ व १.१२.१ मध्ये दुरुस्त झाला. तिथले आकडे ६४ बिटचेच होते. 'शेवटचे इतके बाइट द्या' अशी रेंज असते, त्यात फाइलपेक्षा मोठा आकडा दिला तर साइझमधून वजा करून सुरुवात ऋण होते, आणि अनेक रेंजची बेरीज ओव्हरफ्लो करून पुढची तपासणी चुकवली की कॅश फाइलच्या हेडरमधली माहिती बाहेर येऊ शकत होती. तुमच्या कोडमध्ये रेंज हाताने पार्स होत असेल तर ही दोन ठिकाणं आजच बघा: मागितलेले बाइट साइझपेक्षा जास्त असतील तर सुरुवात शून्य धरा, आणि बेरीज करायच्या आधी 'कमाल वजा आत्तापर्यंतची बेरीज' यापेक्षा नवा आकडा मोठा आहे का ते तपासा, बेरीज करून मग तपासून उपयोग नसतो कारण तोपर्यंत आकडा बिघडलेला असतो.

कंपाइलरची मदत घ्या, जीसीसीत मायनस डब्ल्यू कन्व्हर्जन लावलं की ६४ चं ३२ मध्ये जाणारं प्रत्येक ठिकाण दाखवतो. वॉर्निंग ढीगभर येतील, त्यातल्या साइझ, लेंग्थ, ऑफसेट आणि काउंट नावाच्या आधी घ्या. लॉग छापतानाचं पर्सेंट डीसुद्धा बघा, आत आकडा बरोबर असून फक्त छापताना बिघडत असेल तर तुम्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

त्या सहा स्पार्स फाइली आणि कर्लच्या दोन ओळी ऑटोमॅटिक टेस्टमध्ये कायमच्या टाकून ठेवा, डिस्क खात नाहीत आणि हेडर व रेंजच तपासायची असल्यामुळे काही सेकंदांत होतं. फक्त टेस्टची फोल्डर झिप किंवा कॉपी होत असेल तर ते टूल स्पार्स फाइल ओळखतं का ते बघून घ्या, नाहीतर बिल्ड मशीनवर त्या खरोखरच्या २१ जीबी होऊन बसतील.